पाच मिनिटांचं काम

आमच्या भाऊजींना सगळं गाव राजानंद गुरुजी म्हणतं. मी मनातल्या मनात दुसरंच म्हणते, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं न्हाई.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर व्हते, रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणूस जरा गप बसतो म्हणतात, तर ते साफ खोटं हाय. हसनाबादला आमच्या वस्तीत विहार हाय, अन् विहारात लग्न लावायचं काम भाऊजींकडं. आवाज खणखणीत. त्रिसरण-पंचशील म्हणायला लागले का मागच्या गल्लीतली म्हतारी माणसंबी हात जोडतात, ते मी नाकारत न्हाई. पण माईक हातात आला का संपलं. एका लग्नात भाऊजींचं भाषण एवढं चाललं का भात गार झाला, आचारी कढईला टेकून घोरत व्हता अन् नवरदेव उभ्याउभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर.

भाषण ठरलेलं. पांढऱ्या रंगाचं. "पांढरा म्हणजे काय? पांढरा म्हणजे स्वच्छ मन. छप्पन साली आपल्या आज्या-पणज्या दीक्षेला गेल्त्या, त्या पांढरं नेसून गेल्त्या. बाकीचे लोक पांढरं विधवेच्या अंगावर घालतात अन् तिला कोपऱ्यात बसवतात. आपण तेच पांढरं नवरीला नेसवतो अन् तिला मधोमध उभं करतो. ज्या रंगाला जग भितं, त्याला आपण मान दिला!" टाळ्या.

खरं सांगते, भाषण चांगलं हाय. पहिल्यांदा ऐकलं तव्हा माह्याबी अंगावर काटा आल्ता. वाईट एवढंच, का भाषण झालं का भाऊजी नवरीकडं बघायचे. ती जर लाल, हिरव्या, गुलाबी साडीत असली, का माईक तोंडापुढून न हलवता, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणायचे, "बाई, पाच मिनिटांचं काम हाय. खोली मागं हाय. बदलून ये."

विहाराच्या मागं एक खोली हाय. तिथं एक पत्र्याची ट्रंक, अन् ट्रंकेत एक पांढरी साडी, निळ्या काठाची. जिच्या घरच्यांनी पांढरी आणली न्हाई, तिनं ती नेसायची, विधी उरकायचा, साडी परत द्यायची. विहाराची साडी म्हणतात तिला. अख्ख्या वस्तीतल्या निम्म्या बायांची लग्नं त्या एका साडीवर लागली असतील. नायलॉनची हाय म्हणून टिकली. सुती असती तर कव्हाच तिचं पोतेरं झालं असतं.

लग्नात ती साडी पहिल्यांदा कुणी नेसली? मी.

माहं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. लग्न हसनाबादला. मायनं लोकांच्या रानात ज्वारी काढून माह्यासाठी लाल साडी घेतली व्हती, हिरव्या काठाची. दुकानात तिनं तो पदर आपल्या हातावरून इतक्यांदा फिरवून बघितला का दुकानदार वैतागला. आमच्याकडं तव्हा पांढऱ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. नवरी म्हणजे लाल, एवढंच मायला ठाऊक.

मांडवात आले तर भाऊजी पुढं उभे. कॉलेजात जात व्हते तव्हा. ओठावर मिशी फुटत व्हती अन् डोक्याला शिंगं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् म्हणले, "हे सोंग आपण सोडलंय. ही साडी इथं चालणार न्हाई." माहा बाप हात जोडून उभा.  आमचे हे खाली मान घालून उभे, त्यांची मान तिथून जी खाली गेली ती घरात आजूनबी खालीच हाय, पण तो इषय आज न्हाई.

सासूबाई, गिरिजाबाई, मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी आपली एक पांढरी साडी काढली, माह्याभोवती गुंडाळली, पिना टोचल्या. माहे हात लटलट कापत व्हते. म्हणल्या, "नेस माय. माहं पोरगं बोलतं ते बराबर हाय. पण कुठं बोलावं, कसं बोलावं, हे त्याला बिलकुल कळत न्हाई."

बाहेर आले. लग्न लागलं. माय सगळा वेळ खाली बसून व्हती, मांडीवर त्या लाल साडीची घडी घेऊन. माह्या लग्नाचा एकच फोटो हाय, त्यात माय हाय अन् तिच्या मांडीवर ती घडी हाय. पांढऱ्या रंगावर माहा राग न्हाई. न्हाईच. पोरगी पांढऱ्यात शोभते, मी शेकड्यानं बघितल्यात. राग ह्याचा, का मायनं आणलेलं सगळ्यांसमोर माह्या अंगावरून उतरवलं.

ती लाल साडी मी पुन्हा अंगाला लावली न्हाई. पेटीच्या तळाला टाकली. सासूबाईंची पांढरी मात्र भाऊजींनी उचलून विहारात नेली, म्हणले, समाजाच्या कामाला येईल. ट्रंकेला कुलूप, चावी भाऊजींच्या खिशात, जशी काही खजिन्याची. अन् लग्न झालं का घामानं भिजलेली, हळदीचे डाग पडलेली साडी धुवायला कुणाकडं? माह्याकडं. भाषण त्यांचं, नीळ माही. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणले असतील का, का वहिनी, साडी चांगली निघाली हो! छे. त्यांना वाटत असंल, ट्रंकेत ठेवली का आपोआप पांढरी होती.

भाऊजींची बायको, माही जाऊ, लवकर गेली. प्रीती तव्हा सातवीत. भाऊजींची एकुलती एक. तिची वेणी-फणी, डबा, दुखणं-खुपणं सगळं मीच केलं. मला मोठीमाय म्हणती. विहारात लग्न असलं का बाप तिला चावी द्यायचा अन् पोरगी धावत जाऊन साडी काढून आणायची. नवरीच्या हातात ती साडी प्रीतीच द्यायची. म्हणजे बोलायचा बाप, अन् नवरीच्या डोळ्यातलं पाणी बघायला लागायचं पोरीला.

साक्षीचं लग्न मला लख्ख आठवतं. मजुराची पोर. भावानं कुठून तरी भाड्यानं लाल घागरा आणल्ता, टिकल्या-टिकल्यांचा. एका दिवसापुरती राणी दिसत व्हती. भाऊजींचं झालंच सुरू, "बाई, पाच मिनिटांचं काम हाय." साक्षी मागच्या खोलीत गेली अन् घागऱ्याची गाठ सोडता सोडता अशी हमसून रडली का काजळ गालावर. दहावीतली प्रीती आपल्या ओढणीनं तिचं तोंड पुसत व्हती. साक्षीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिचे डोळे सुजलेले हायेत. रात्री जेवताना प्रीती बापाला म्हणली, "बाबा, तिला आधी घरी जाऊन सांगता आलं नसतं का?" भाऊजी म्हणले, "नियम सगळ्यांना सारखा असतो." अन् वरून तूप मागितलं.

आता ह्या वर्षी प्रीतीचं ठरलं. ती भोकरदनला बँकेत हाय. नवरदेव प्रेम, इंजिनिअर. जालन्याचे लोक, मस्तगडला दोन मजली घर, बाप कुठल्या तरी हापिसातून साहेब म्हणून रिटायर झालेला. पोरगं चांगलं हाय, मान खाली घालून ऐकून घेतं अन् मंग बोलतं. पण त्याची आई! बाई आमच्या घरी आली ती मोबाईल हातात धरूनच आली. म्हणली, "आमची थीम ठरलीये. सगळं वाईन कलरमध्ये. नवरीचा लेहंगा मी बुटीकमधून करून घेतलाय. नवरदेवाची शेरवानी मॅचिंग. सर, तुम्हालाही त्याच रंगाचा झब्बा पाठवते."

मी मनात म्हणलं, आता बघा मज्जा. पाचवं शील सांगताना दारूचं नाव घेतलं तरी चूळ भरणारा माणूस, तो वाईन घालणार? आता उठतील अन् पांढऱ्याचं भाषण सुरू करतील.

अन् भाऊजी काय म्हणले? "वा! फार शोभिवंत रंग आहे." शोभिवंत! अन् शुद्ध भाषेत! मला वाटलं माह्या कानात काही तरी गेलं.

बाईनं वर आणखी सांगितलं, "पांढरं नको हं सर. आमच्याकडे सगळ्या समाजाचे पाहुणे येणार. पांढऱ्यात नवरी कशी... म्हणजे तुम्ही समजून घ्या. फोटोतही उठून दिसत नाही." अन् भाऊजींनी समजून घेतलं. मान हलवून हलवून समजून घेतलं. चहात साखर ढवळावी तशी मान.

पाहुणे गेल्यावर शेजारची झुंबरबाई ओट्यावरून म्हणली, "काय गुरुजी, तुम्ही तर पांढऱ्याचं लई सांगायचे! आमच्या आकांक्षाच्या लग्नात पिवळी अष्टपुत्री साडी बघून मला अर्धा तास समजावलं व्हतं तुम्ही." भाऊजी म्हणले, "काळ बदलतो, झुंबरबाई. मंगल हे मनात असतं." मी तिथंच तांदूळ निवडत व्हते. म्हणलं, "भाऊजी, मन तर साक्षीलाबी व्हतं." ऐकू आलं न्हाई असं दाखवून ते आत गेले.

प्रीती संध्याकाळी बँकेतून आली. लेहंग्याचं ऐकलं अन् पर्स खाली ठेवून बापासमोर बसली. म्हणली, "बाबा, मी पांढरी नेसणार."

"अगं, त्यांनी एवढा खर्चा केलाय. मोठी माणसं हायेत. आपल्याला पुढं नातं निभवायचंय."

"मी तो लेहंगा संध्याकाळी जेवणाच्या वेळी घालीन. विधीला विहाराची साडी नेसीन."

"ती? ती जुनी? पिनांनी भोकं पडलेली? लोक काय म्हणतील, गुरुजीकडं पोरीला साडी घ्यायला पैसे न्हाईत?"

प्रीतीचा आवाज चढला न्हाई. ती म्हणली, "बाबा, ज्या ज्या पोरींच्या हातात मी ती साडी दिली, त्या सगळ्या माह्या लग्नाला येणार. साक्षी येणार. त्यांच्यासमोर मी वाईन कलर घालून कशी उभी राहू? कोणत्या तोंडानं?"

अन् भाऊजी वैतागून बोलून गेले, "त्यांची गोष्ट येगळी हाय! ती साडी गरिबाच्या पोरींसाठी हाय!"

 आमचे हे, जे कव्हा मान वर करत न्हाईत, त्यांनी मान वर केली. चाळीस वर्षं धम्म, शुद्ध मन, छप्पन साल, आज्या-पणज्या, अन् शेवटी ट्रंकेच्या तळाला हे निघालं. मला इतका संताप आला का हातातलं सूप तसंच ठेवून उठले. चुलीपाशी जाऊन उभी राहिले. न्हाई तर तोंडातून असं काही गेलं असतं का वय विसरून भाऊजींनी घर सोडलं असतं.

भाऊजींना आपण काय बोललो ते कळलं का न्हाई देव... कुणास ठाऊक. खिशावर हात मारून म्हणले, "ट्रंकेची चावी माह्याजवळ हाय. लग्न होईपर्यंत ती साडी बाहेर निघणार न्हाई. इषय संपला."

प्रीतीनं माह्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. पोरीचे डोळे भरलेले अन् मला मात्र हसू आवरेना. साडी ट्रंकेत व्हती कुठं? मागच्याच आठवड्यात एक लग्न झाल्तं. साडी माह्या घरात, धुऊन, नीळ देऊन, गादीखाली घडी बसायला ठेवलेली. हा शहाणा माणूस रिकाम्या ट्रंकेची चावी खिशात घेऊन फिरत व्हता. ज्यानं जन्मात साडी धुतली न्हाई, त्याला ती कव्हा कुठं असती हे काय ठाऊक असणार!

मी प्रीतीला मोरीपाशी नेलं अन् विचारलं, "पक्कं हाय का? सासू आयुष्यभर तोंड वाकडं करील."

"मोठीमाय, मी प्रेमला सांगितलंय. त्याला चालतं. सासूबाईंचं मी बघून घेईन. पण त्या पोरींच्या डोळ्यांना डोळा भिडवता आला न्हाई, तर ते मला कव्हाच निस्तरता येणार न्हाई."

"मंग झालं," मी म्हणलं.

लग्न जालन्याला, मोठ्या लॉनवर. काय ती थीम! पडदे वाईन, खुर्च्यांच्या पाठीला वाईन फिती, सरबतसुद्धा त्याच रंगाचं. नवऱ्याकडच्या बाया सगळ्या एका रंगात, एकीला हाक मारली का चौघी वळायच्या. बुद्ध अन् बाबासाहेबांच्या फोटोपुढची फुलं तेवढी पांढरी, ती बदलायचं कुणाला सुचलं न्हाई हे नशीब. अन् भाऊजी! टाचेपर्यंत झब्बा, गळ्याला जर, छातीवर खडे. बँडवाल्याचा मालक दिसत व्हते. आपल्या पोरीचा विधी आपणच लावणार म्हणून माईक घेऊन स्टेजवर उभे.

आमच्या हसनाबादच्या बाया दोन रांगा भरून बसल्या व्हत्या, हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या, जिच्याजवळ जी चांगली ती नेसून. साक्षी लेकराला मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीवर.

"वधूला आणावं," भाऊजी माईकवर म्हणले.

प्रीती बाहेर आली. निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्यावर पिनांची भोकं, पदरावर एका जुन्या हळदीचा फिका डाग, जो माह्या हातानंबी कव्हा निघाला न्हाई. केसात पांढरी फुलं. बस. आमच्या बायांत कुजबुज झाली अन् मंग थांबली. साडी सगळ्यांनी ओळखली. एकेकीनं ती नेसली व्हती. माह्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून मुसमुसायला लागली. 

प्रेमची आई स्टेजवर चढली. "सर, हे काय? आपलं ठरलं होतं ना? फोटो कसे येणार?"

भाऊजींचा चेहरा पडला. एक हात खिशात गेला, चावी चाचपली. चावी तर व्हतीच! मंग त्यांनी प्रीतीकडं वळून दबक्या आवाजात म्हणलं, "जा, बदलून ये. जल्दी." दबक्या आवाजात, पण माईक हातात. जन्मभर ज्याला सोडलं न्हाई त्या माईकनं ते दबकं बोलणं अख्ख्या लॉनला ऐकवलं.

प्रीती हलली न्हाई. पोरगी बापासमोर उभी राहिली, बापाचीच पोर ती, आवाज खणखणीत. म्हणली, "बाबा, पाच मिनिटांचं काम हाय. खोली मागं हाय. तुम्ही बदलून या."

काय सांगू तुम्हाला. झुंबरबाई खुर्चीतून अर्धी उठून बघायला लागली.

भाऊजींनी झब्ब्याकडं बघितलं. मंग नवरदेवाकडं बोट दाखवलं. तो बिचारा वाईन शेरवानीत घामेघूम. भाऊजी कसेबसे म्हणले, "अन् हे जावईबापू?"

"त्यांनी कव्हा कुणाला बदलायला लावलं न्हाई," प्रीती म्हणली.

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार, माईक आपटणार, लग्न मोडणार. भाऊजी आमच्या बायांकडं बघत राहिले. एकेकीचं तोंड बघत राहिले. कुणी हसलं न्हाई. हसायला पाहिजे व्हतं, मी तर तयारीतच व्हते, पण त्या बायांना हसू आलं न्हाई. त्या खोलीत काय वाटतं ते त्यांना ठाऊक व्हतं. भाऊजींनी माईक खाली ठेवला. स्वतःच्या हातानं. पायऱ्या उतरले. वाट अरुंद व्हती, तर साक्षीनं त्यांना जाता यावं म्हणून आपली खुर्ची सरकवून घेतली.

मी पिशवी उचलून मागं गेले. पिशवीत भाऊजींचा जुना पांढरा सदरा व्हता, धुतलेला, इस्त्री केलेला. तो मी काहून आणला व्हता ते मला इचारू नका.

मागच्या खोलीत पातेली, फुलांची पोती, एक मोडका पंखा. भाऊजी झब्बा काढून बनियनवर उभे, भिंतीकडं तोंड करून. म्हतारे दिसले एकदम. मी सदरा पुढं केला. घातला त्यांनी. गुंड्या लावायला लागले तर बोटं थरथरत व्हती, एक गुंडी भलत्याच काजात.

"वहिनी, लागंनात."

मी पुढं झाले अन् खालून एकेक गुंडी लावत वर आले. बोलायला माह्याजवळ चाळीस वर्षांचं व्हतं, पण ते म्हतारं माणूस लटलट कापत व्हतं, अन् तसं कापणं मी एकदा केलेलं हाय.

वरची गुंडी लावताना त्यांची नजर माह्या पदरावर गेली. लाल पदर, हिरवा काठ, घड्यांवर जरा विरलेला. म्हणले, "ही साडी नवीन दिसती वहिनी. कव्हा घेतली?"

म्हणजे ह्या माणसाला आठवतसुद्धा नव्हतं!

"मायनं घेतली व्हती," मी म्हणलं. "माह्या लग्नातली हाय. त्या दिवशी उतरवली, ती आज नेसले."

भाऊजींचं तोंड उघडलं अन् तसंच राहिलं.  मी त्यांची कॉलर सरळ केली, झब्बा पिशवीत कोंबला अन् म्हणलं, "चला आता, पोरगी खोळंबली."